हळू गाणारी आंटी

गायिका म्हणून माझी कारकीर्द एका ‘ऊ’वर उभी आहे. कुणाची एखाद्या रागावर असते, कुणाची नाट्यपदावर, माझी ‘ऊ’वर. अधूनमधून ‘आ’सुद्धा असायचा, आणि मालिश करणाऱ्या खुर्चीच्या एका जाहिरातीत मला ‘हम्म’ करण्याचा मान मिळाला होता. पण मुख्य पीक ‘ऊ’चंच.

माझी नात विचारते, “आजी, तू फेमस होतीस?” मी सांगते, होते की. सेम्बावांगमध्ये, दर बुधवारी, दुपारी दोन ते चार. तिला ते पटत नाही, कारण तिने मला फक्त लसूण सोलताना पाहिलंय. तो लसूण ज्या टोपीत ठेवलेला असतो ती काउबॉयची टोपी माझ्या गाण्याच्या दिवसांतली आहे असं सांगितलं, तर म्हणते, “डोन्ट ब्लफ लाह, आजी.”

तर ब्लफ नाही, हे लिहून ठेवते.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आम्हाला नुकताच सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला होता. यजमान रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आकड्यांत बुडालेले, मुलगी ज्युनिअर कॉलेजच्या परीक्षांत बुडालेली, आणि मी सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एकटीच कोरडी. वय पंचेचाळिशीच्या पुढे. आता आपलं काही होणार नाही हे बायकांना कळायला लागतं ते हे वय. मला उलटंच वाटत होतं. जग माझ्या आवाजाची वाट पाहतंय, त्याला फक्त आमचा ब्लॉक नंबर ठाऊक नाही, असा माझा प्रामाणिक समज होता.

पुण्यात लग्नाआधी मी एका बाईंकडे गाणं शिकले होते. त्या म्हणायच्या, “एकदा घेतलेली जागा पुन्हा तशीच घेणारी गाणारीण म्हणजे पाहुण्याला शिळी पोळी वाढणारी सून.” हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं होतं की साधी अंगाई गातानासुद्धा दुसऱ्या ओळीत हरकत टाकायचे. मुलगी झोपायची नाही. मी म्हणायचे, मुलीला गाण्याचा कान आहे.

रियाजाची जागा म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी, जिच्याबाहेर बांबूंवर कपडे वाळत असतात. एके दिवशी लिफ्टमध्ये दोन मजले वरचे चिनी गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, पाठीवर पांढऱ्या केसांचं पोनीटेल, पायांत रबरी चपला. “रोज सकाळी गाणाऱ्या आंटी तुम्हीच ना?” मी तोंडात ‘सॉरी’ आणि पोटात भांडण, दोन्ही तयार केलं. ते म्हणाले, “मला एक वरचा ऊ हवाय. तुमच्याकडे आहे.”

हे गृहस्थ ड्रमर होते. जवळच्या कारखान्यांच्या इमारतीत एका खोलीला त्यांनी आतून फोम चिकटवून स्टुडिओ केला होता. तिथे जाहिरातींची गाणी व्हायची आणि त्यांच्या स्वतःच्या बँडचंही रेकॉर्डिंग व्हायचं. बँड कंट्री-पॉपचा, म्हणजे घोडे, नदी, जुना ट्रक आणि सोडून गेलेली बायको यांवरच्या गोड गाण्यांचा. घोडा मी फक्त वरातीत पाहिला होता, आणि ट्रकच्या मागे गाडी अडकली की यजमानांच्या तोंडून काय निघतं तेवढाच माझा ट्रकशी संबंध. पण ‘ऊ’ला काय, अनुभव लागत नाही.

पहिल्या दिवशी मी नेसले होते कांजीवरम. रेकॉर्डिंग म्हणजे रेकॉर्डिंग. ड्रमरनी कानांना हेडफोन लावून दिला आणि म्हणाले, “ऊ. चार बार. मग थांबा.” बार म्हणजे त्यांच्याकडचं चार मात्रांचं माप. मी ऊ लावला. असा लावला की काय सांगू, खालून घासत वर नेला, वर गेल्यावर थोडा हलवला, उतरताना एक नाजूक वळण. काचेपलीकडे ड्रमरनी अंगठा दाखवला. “नाइस. आता परत तेच.”

मला वाटलं, दाद मिळाली. दुसऱ्यांदा मी वळण वरच्या बाजूला घेतलं. तिसऱ्यांदा दोन वळणं. त्यांनी ते तिन्ही ऊ एकावर एक ठेवून मला ऐकवले. तीन बायका एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघताहेत असं ऐकू आलं.

“आंटी,” ते म्हणाले, “मला तीन वेगळे ऊ नकोत. एकच ऊ तीनदा हवाय. एकावर एक ठेवले की जाड होतो. कागदासारखे ठेवायचे, भजीसारखे नाही.”

मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला गाणं कळत नाही. पण आठवडाभरात शिकले. सरळ ऊ, तीनदा, काडीचा फरक नाही. शिकले म्हणजे काय, नाक मुरडत करायला लागले. घरी येऊन आंघोळ केल्यासारखा तासभर मालकंस गायचे.

आता हे कंट्री-पॉप सिंगापूरमध्ये ऐकतं कोण, असं पुण्याची माणसं अजून मला विचारतात. ऐकत कुणीच नाही. नाचतात. त्या काळात प्रत्येक वस्तीच्या कम्युनिटी क्लबात लाइन डान्सचं खूळ होतं. हॉलमध्ये साठ-सत्तर बायका ओळींत उभ्या राहायच्या, बहुतेक निवृत्त, बहुतेक चिनी, पायांत टाचेचे बूट, कमरेला मोठ्या बकलचा पट्टा. गाणं सुरू झालं की सगळ्यांची पावलं एक. बत्तीस मात्रांचा एक फेरा झाला की सगळ्यांनी मिळून पाव वळसा घ्यायचा आणि शेजारच्या भिंतीकडे तोंड करून तोच फेरा पुन्हा. मग तिसरी भिंत, मग चौथी. ड्रमरचा बँड अशा क्लबांतून वाजवायचा. पुढे गायची एक युरेशियन बाई, हॉटेलांतून गाऊन घासलेल्या सुंदर आवाजाची. मी मागे, ड्रमच्या आडोशाला, ऊ.

मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी माझा आवाज पुढे असावा आणि खाली कुणीतरी मान वर करून बघावं, कोण गातंय हे. हॉटेलं नकोत, टीव्ही नको. एक मान. त्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि शेवटी तेच केलं.

त्या युरेशियन बाईंचा मुलगा पर्थला होता. त्यांचं तिकडे राहायला जायचं ठरलं. जाण्याआधी आमची एक सीडी झाली, त्यांचा आवाज पुढे, मागे मी स्वतःच्याच डोक्यावर तीनदा बसलेली. मग ड्रमर लिफ्टमध्ये म्हणाले, “आंटी, क्लबचा वार्षिक कार्यक्रम आहे. चार गाणी तुम्ही गा. लोकांना चाललं तर पुढची जागा तुमची.”

मी लिफ्टमधून उतरले ती अकरावा मजला सोडून तळमजल्यावर. घरी जायचं होतं हेच विसरले.

मग ती टोपी आली. बूट आले, एक नंबर मोठे, कारण माझ्या मापाचे फक्त गुलाबी होते. चौकटीचा शर्ट, आत मंगळसूत्र, कपाळावर टिकली, टिकलीवर टोपी. यजमानांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“कुठल्या गोठ्यात निघालीस?”

“अहो, याला कंट्री म्हणतात.”

“तेच विचारतोय, कुठल्या?”

मुलगी म्हणाली, “आई, प्लीज, माझ्या कॉलेजवरून जाऊ नकोस.”

मला या दोघांची कीव आली. मोठी माणसं घरच्यांना उशिराच कळतात. मी महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या बायकांना फोन केले. दहा-बारा जणी आल्या, साड्या नेसून, गजरे माळून, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या. त्यांच्या मधोमध काकू. या काकू मंडळातल्या वडीलधाऱ्या, आणि त्यांची दाद प्रसिद्ध. गणपतीत त्यांनी ‘वाह’ म्हटलं की खाली पार्किंगमध्ये ऐकू जायचं.

पहिली दोन गाणी सरळ गेली. मी कागदासारखी गायले. सत्तर बायका वळल्या, टाचा वाजल्या, सगळं यंत्रासारखं. कुणी मान वर केली नाही. सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत होत्या. मला जरा लागलंच.

तिसरं गाणं संथ होतं, नदीकाठी वाट बघणाऱ्या बाईचं. त्यात एक ओळ होती, तू येशील म्हणून दिवा ठेवला आहे, अशा अर्थाची. ती म्हटली, आणि थकलेपणाने म्हणा, लागलेपणाने म्हणा, आवाज आपोआप एका जागी हलला. मुद्दाम नाही केलं मी. पण खुर्च्यांमधून आलं, “वाऽह.” आणि पाठोपाठ, “पुन्हा एकदा होऊ दे गं ती ओळ.”

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईने एवढ्या मनापासून मागितल्यावर ती ओळ टाकून पुढे जायचं म्हणजे वाढलेल्या पानावरून उठायचं. मी डोळे मिटले. टोपी मागे सरकवली. ओळ पुन्हा घेतली, या वेळी खालून. काकू म्हणाल्या, “क्या बात है.” मग तिसऱ्यांदा घेतली, आणि तिथे तिहाई बांधून अशी समेवर आले की पुण्याच्या बाई असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती.

डोळे उघडले.

समोर महापूर येऊन गेल्यासारखं दृश्य. ज्यांचे पाय मोजणीवर चालत होते त्या उजव्या भिंतीकडे वळून गेल्या होत्या. ज्या ओळ ऐकून वळायच्या त्या माझ्याकडे तोंड करून पुढच्या शब्दाची वाट बघत एका पायावर उभ्या होत्या. या दोन पक्षांची मधोमध गाठ पडली. लाल बुटांच्या एक आजी उलट्या चालत नाचणाऱ्यांतल्या एकुलत्या एका पुरुषाच्या, एका निवृत्त पोलिसाच्या, छातीवर जाऊन थांबल्या होत्या आणि दोघंही एकमेकांची क्षमा मागत होते. मागच्या ओळीतल्या दोघीतिघींची टाचेत टाच अडकली होती. गिटारवाला तारांवर हात दाबून जमिनीकडे बघत होता. ड्रमर तेवढे वाजवत राहिले, वादळात बोटीची घंटा वाजवावी तसे, मग तेही थांबले.

या शांततेत खुर्च्यांवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाणं संपलं.

लाइन डान्सच्या शिक्षिका स्टेजजवळ आल्या. या आधी शाळेत कवायत शिकवायच्या. पाच फूट उंची, गळ्यात शिट्टी. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. “आंटी, तुम्ही छान गाता. पण आम्ही ऐकायला आलेलो नाही. नाचायला आलोय.”

चौथं गाणं झालं नाही.

परत येताना बसमध्ये टोपी मांडीवर घेऊन बसले होते. कार्यक्रमाला मागे बसलेले यजमान शेजारून म्हणाले, “समेवर मात्र बरोबर आलीस.”

“अहो, गप्प बसा.”

“नाही, खरंच. फक्त तू एकटीच आलीस.”

दोन दिवसांनी ड्रमर लिफ्टमध्ये भेटले. चपलांकडे बघत म्हणाले, क्लबने ठरवलंय, बँड नको, गाणारी नको, सीडी लावायची. सीडी दर वेळी तेच गाते.

कुठली सीडी, ते विचारायला नको होतं. आमचीच. म्हणजे माझ्या जागी त्यांनी मला घेतलं होतं. मी इकडे फ्लॅटमध्ये भेंडी चिरत बसणार आणि तिकडे माझा तीनपदरी, इस्त्री केलेला ऊ सत्तर बायकांना नाचवणार. असा अपमान फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येतो.

पहिले काही आठवडे मी क्लबच्या रस्त्यानेसुद्धा जात नव्हते. मग एका बुधवारी माझा ऊ कसा वाजतोय ते तरी ऐकू, असं मनाशी म्हणत गेले. दारात उभी होते तर शिक्षिकांनी पाहिलं. वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, “दारात उभं राहायचं नाही. मागची ओळ.”

मी तेच मोठे बूट घालून मागच्या ओळीत उभी राहिले, आणि माझ्या गर्वाचं जे काही उरलं होतं ते पहिल्या फेऱ्यात संपलं. बत्तीस मात्रा म्हणजे आपल्या त्रितालाची दोन आवर्तनं. हे मला झोपेत मोजता येतं. पण पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या डावीकडे, मी उजवीकडे. सगळ्या खिडकीच्या भिंतीला, मी एकटी नोटीस बोर्डाकडे तोंड करून टाळी वाजवतेय. “आंटी, डावा,” शिक्षिका ओरडायच्या. “डावा म्हणजे तो नाही.” शेजारच्या आजी, पंचाहत्तरीच्या, माझ्या शर्टाची बाही धरून मला योग्य भिंतीकडे वळवायच्या, नातवंडाला वळवावं तसं.

असे कितीतरी बुधवार. आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता यायचं नाही, ते दिव्याच्या ओळीचं गाणं लागलं आणि माझा पाय त्या ओळीआधीच उचलला गेला. ती ओळ तिथेच येणार, तशीच येणार, हे पायाला ठाऊक होतं. भरवशावर टाकलेलं पाऊल. त्या क्षणी मला घाम फुटला, नाचण्याचा नव्हे. या सत्तर बायकांनी, ज्यांच्यात कुणाच्या गुडघ्यात सळी, कुणाच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्या संध्याकाळी असंच भरवशावर पाऊल टाकलं होतं, आणि मी खालची पायरी काढून घेतली होती. काकूंच्या ‘वाह’साठी.

बाईंना शिळी पोळी चालायची नाही. पण आपला जिना रोज नवीन असावा असं त्यांनाही वाटलं नसतं.

सीडीची एक अडचण होती, ती पळायची. पहिल्या ओळीतल्या धडधाकट बायकांना ठीक होतं. मागच्या ओळीतल्या धापा टाकायच्या, एकेक करून खुर्चीवर जाऊन बसायच्या. त्यात एके दिवशी शिक्षिकांचाच गुडघा दुखावला. ड्रमरनी स्टुडिओत सीडीचा वेग कमी करून आणला, तर त्या युरेशियन बाईंचा आवाज दाढीवाल्याचा झाला आणि माझा ऊ म्हणजे जुन्या गोदीतून निघालेला बोटीचा भोंगा. हॉलभर हशा.

क्लास संपल्यावर शिक्षिका खालच्या हॉकर सेंटरमध्ये माझ्यासमोर कॉफी घेऊन बसल्या. पाय शेजारच्या खुर्चीवर.

“ज्येष्ठांसाठी वेगळा क्लास काढतेय. तुम्ही हळू गाऊ शकाल?”

“हळू म्हणजे किती?”

“माझ्या गुडघ्याइतकं. पण तेच गायचं. दर वेळी तेच.”

मी होय म्हणायच्या आत त्यांनी शिट्टी बोटांत फिरवली. “दर वेळी, आंटी.”

ड्रमर आणि मी बसलो. आणि एक गंमत झाली. हळू वाजवायला सुरुवात केली की ड्रमर पळायचे. गिटारवालाही पळायचा. चार ओळींत दोघं सीडीच्या वेगाला जाऊन भिडायचे. मी नाही पळाले. विलंबितात एकेक मात्रा धरून बसायला बाईंनी मला लग्नाआधी वर्षानुवर्षं लावलं होतं. तेव्हा डुलक्या यायच्या. माझ्या शिकण्याचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उपयोग झाला, तो गुडघ्यांना. ड्रमर शेवटी काठ्या खाली ठेवून म्हणाले, “आंटी, तुम्ही गा, मी तुमच्या मागून येतो.” मागून. मी ते दोनदा ऐकून घेतलं.

क्लबच्या बोर्डावर पाटी लागली, इंग्रजीत, खाली चिनीत: ज्येष्ठांचा लाइन डान्स, बुधवारी दुपारी, हळू गाणारी आंटी. नाव नव्हतंच. यजमानांनी त्या पाटीचा फोटो काढून मुलीला दाखवला. मुलगी म्हणाली, “ॲट लीस्ट इट्स ट्रू.”

त्या चार-पाच वर्षांत मी त्या हॉलमध्ये किती पाठी पाहिल्या याला गणती नाही. चार भिंती, त्यांतल्या एका भिंतीला मी. म्हणजे माझ्या वाट्याला एक भाग चेहरे आणि तीन भाग पाठी व बाजू. आणि चेहरे आले की तेही खाली, बुटांकडे. मला आधी वाटलं होतं त्यापेक्षा पाठी बऱ्याच बोलक्या असतात. गाणं नीट चाललंय की नाही हे मला तोंडं बघून कधी कळलं नसतं.

एकदा काकू आल्या. सुनेकडे सेम्बावांगला काही काम होतं म्हणाल्या. भिंतीलगत खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर. मी तेच नदीचं गाणं घेतलं होतं. दिव्याची ओळ आली. सरळ म्हटली. तरी काकूंना काय दिसलं कोण जाणे.

“वाऽह.”

तुम्ही शिंक दाबलीय कधी? तशी ती जागा घशापर्यंत आली होती. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. मागच्या ओळीतल्या त्या पंचाहत्तरीच्या आजींनी पाऊल उचललं होतं, अर्धं हवेत. मी गिळली ती जागा आणि पुढची ओळ त्यांच्या पायाखाली ठेवली. पाऊल पडलं. काकूंनी पर्सची साखळी उघडली, बंद केली.

गाणं संपलं. बायका पाण्याच्या बाटल्यांकडे गेल्या, काही टॉवेलने मान पुसत खाली बसल्या. काकू म्हणाल्या, “दाद दिली तर साधी ओळखही दाखवली नाहीस हो.”

मग मी टोपी काढली आणि ती ओळ घेतली. खालून, घासत. दुसऱ्यांदा वरून. शिक्षिकांनी रजिस्टरवरून डोकं काढलं.

“आंटी, फिनिश ऑलरेडी.”

“आय नो,” म्हटलं, आणि तिसऱ्यांदा घेतली, तिहाईसकट. काकूंनी मांडीवर थाप मारून सम दाखवली.

बाटल्या तोंडाशी तशाच धरून बायका वळल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर. त्या पंचाहत्तरीच्या आजी तर चालत स्टेजजवळ आल्या, माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि विचारलं, “हे नवीन गाणं आहे का? याच्या स्टेप्स काय?”